निर्वात पंपाचें तेल

यंत्राला तेल घालावयाचें तें झीज होऊं नये म्हणून, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. शिवणयंत्र, सायकल यांच्यापुरती ती खरीहि आहे. प्रयोगशाळेंतील निर्वात पंपाला मात्र ती पुरत नाहीं.

या पंपांत एका वाटोळ्या पेटींत, मध्य सोडून बसविलेला दंडगोल फिरत असतो. त्याच्या खांचांतील पातीं पेटीच्या भिंतीशीं घासत हवा पुढें लोटतात. धातु कितीहि गुळगुळीत केला तरी पातें आणि भिंत यांमध्यें बारीक फट राहतेच. ती बुजवितें तें तेल. वंगणहि तेंच, आणि घर्षणाची उष्णता वाहून नेणारेंहि तेंच.

आतां हें बूचच वाफ होऊन उडूं लागलें तर? बाहेरील हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरांइतका. दोन टप्प्यांचा चांगला पंप तो सुमारें एक हजारांश मिलिमीटरापर्यंत उतरवितो. उलट, 20 अंश सेंटिग्रेडला नुसत्या पाण्याच्या वाफेचा दाब साडेसतरा मिलिमीटर असतो! तेव्हां तेलाच्या अंगची वाफ जेथें थांबते, त्याच्या खालीं पंप जाणार कसा? तेल निवडतांना पहिला प्रश्न हाच. मोटारीचें तेल कोठेंहि मिळतें, म्हणून तें ओतण्याचा मोह होतो. परंतु त्यांत लवकर उडणारे अंश असतात, शिवाय इंजिन स्वच्छ राहावें म्हणून मिसळलेलीं द्रव्येंहि असतात. पंपाच्या तेलांतून असे हलके अंश ऊर्ध्वपातनानें आधींच काढून टाकलेले असतात. मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनींतील बर्च यांनीं 1928 सालीं अशाच शुद्ध तेलानें दुसऱ्या एका जातीच्या पंपांतून, म्हणजे डिफ्यूजन पंपांतून, पाऱ्याला हद्दपार केलें.

दाटपणाविषयीं फार सांगावयास नको. पातळ तेल फट धरीत नाहीं, आणि फार दाट तेलानें थंडीच्या सकाळीं मोटर कण्हते. बनविणाऱ्यानें सांगितलेला क्रमांक पाळावा.

पंपानें ओढावयाचें काय, हें मात्र अवश्य पाहावें. ओल्या पदार्थांतील वाफ तेलांत मिसळली कीं तें दुधाळ होतें. यासाठीं गेडे यांनीं 1935 सालीं पंपांत थोडी बाहेरची हवा सोडण्याची युक्ति काढली. तिच्या योगें वाफ आंत पाणी न होतां बाहेर पडते. शुद्ध प्राणवायु ओढावयाचा असेल तर खनिज तेल अजिबात चालणार नाहीं, कारण स्फोट होऊं शकतो. तेथें फ्लुओरिनयुक्त तेल लागतें. तें अतिशय महाग, हें खरें. पण प्रयोग करणाऱ्या मुलांचे डोळे त्याहून महाग आहेत. आणि हें तेल जुन्या तेलावर ओतून भागत नाहीं. पंप उघडून पहिल्याचा थेंबन्‌थेंब पुसून काढावा लागतो.

तेल बदलावयाचें तें पंप थोडा वेळ चालवून, तो कोमट असतांना, म्हणजे तळचा गाळहि त्याबरोबर निघून येतो. पंपाच्या कांचेच्या खिडकींतून तेल काळें अगर दुधासारखें दिसलें, कीं ती वेळ आलीच.