भक्ताचें घर

देहूस इंद्रायणीच्या कांठीं येणाऱ्या यात्रेकरूस तुकोबांच्या वैराग्याची कथा नव्यानें सांगावी लागत नाहीं. सावकारीचीं खतें नदींत सोडण्यापूर्वीं त्यांनीं धाकट्या भावाचा वांटा त्याला काढून दिला, आणि आपल्या वांट्याचे कागद तेवढे बुडविले, असें परंपरा सांगते. त्याच परंपरेंत जिजाईचीही कथा आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणांत रमलेल्या पतीसाठीं ती भाकर घेऊन चढण चढे. पायांत कांटा मोडला तरी चढे. देवाला बोल लावी, परंतु पतीला उपाशी ठेवीत नसे. एकाला देव सांपडतो आणि त्याचा भार घरांतील दुसऱ्या माणसावर पडतो, हें भक्ताच्या घराचें फार जुनें दुखणें आहे.

ख्रिस्ती कुटुंबजीवनाचा विचार करतांना याच दुखण्यापासून आरंभ करणें योग्य होईल. भिंतीवर क्रूस असावा, मेजावर पवित्र शास्त्र असावें, जेवणापूर्वीं प्रार्थना व्हावी, रविवारीं सर्वांनीं मिळून उपासनेस जावें, हीं ख्रिस्ती घराचीं बाह्य लक्षणें सर्वांस ठाऊक आहेत. परंतु घरांतील एकाचीच श्रद्धा जागी झाली आणि दुसऱ्याची झाली नाहीं, तर त्या घराचें काय व्हावें? महाराष्ट्रांत या प्रश्नाचें सर्वांत बोलकें उत्तर एका दांपत्याच्या आयुष्यांत सांपडतें. तें दांपत्य म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक. देहूशीं या घराचें नातें दूरचें नाहीं. आपण ख्रिस्ताकडे आलों तें तुकोबांनीं बांधलेल्या पुलावरून आलों, असें टिळक सांगत.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील एका ब्राह्मण कुटुंबांत झाला. १८९३ सालीं आगगाडीनें राजनांदगांवाकडे जात असतां एका युरोपीय सहप्रवाशानें त्यांच्या हातीं ‘नवा करार’ ठेवला. त्यांतील डोंगरावरच्या प्रवचनानें त्यांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या वेळीं लक्ष्मीबाईंचें वय सव्वीस-सत्तावीस वर्षांचें होतें व मुलगा देवदत्त अवघा चार वर्षांचा होता. लक्ष्मीबाईंचें माहेर नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांचें, आणि त्यांच्या वडिलांचें सोंवळें विलक्षण कडक. अशा घरांत वाढलेल्या स्त्रीचा पति धर्मांतर करतो, म्हणजे कुंकू कपाळीं असून संसार उठतो. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन कांहीं काळ पंढरपुरास नातलगांच्या आश्रयानें राहिल्या. पतीनें विवाहानंतर शिकविलेल्या अक्षरांचा त्यांना या दिवसांत उपयोग झाला. मनांतील दुःख त्या कवितेंत उतरवूं लागल्या.

अशा प्रसंगीं घर कायमचें मोडण्याची सोय सरकारनें करून ठेवलेली होती. ख्रिस्ती झालेल्या मनुष्याचा जोडीदार धर्मांतरामुळेंच एकत्र राहण्यास नाकारीत असेल, तर ठराविक मुदतीनंतर न्यायालयाकडून विवाहविच्छेद मिळविण्याची मुभा १८६६ च्या कायद्यानें दिली होती. नवीन ख्रिस्ती झालेल्यांच्या वाट्याला एकटेपण कसें येई याचें उदाहरणही समोर होतें. १८५४ सालीं बेळगांवास बाप्तिस्मा घेतलेले ग्रंथकार बाबा पदमनजी यांच्या पहिल्या पत्नीनें त्यांच्या नव्या वाटेवर पाऊल टाकलें नाहीं. टिळकांनीं मात्र विच्छेदाचा मार्ग धरला नाहीं. पत्रव्यवहार चालूं राहिला, आणि सुमारें चार-पांच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीच्या जवळ राहावयास आल्या.

त्या आल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहींत. त्यांचें पाणी वेगळें, स्वयंपाक वेगळा, सोंवळें पूर्ववत्. पति ख्रिस्ती आणि पत्नी सोंवळी, असा संसार पाहून दोन्हीं बाजूंच्या लोकांस नवल वाटलें असेल. परंतु ख्रिस्ती घराची खरी पायाभरणी या वेगळ्या चुलीपाशींच झाली, असें म्हणावें लागतें. पत्नीच्या चुलीवर पतीच्या श्रद्धेनें आक्रमण केलें नाहीं. पुढें लक्ष्मीबाईंचे विचार आपल्याच गतीनें बदलूं लागले. उच्चनीच जाति हें देवाचें कर्तृत्व नव्हे, माणसाचें आहे, असें त्यांच्या मनानें घेतलें; हातचें पाणी न घेण्याचा आग्रह गळून पडला. १९०० सालीं त्यांनीं स्वतःच्या निश्चयानें बाप्तिस्मा घेतला. पतीच्या आज्ञेनें घेतलेली दीक्षा घराला वर वर एक करते; पटून घेतलेली दीक्षा घराला आंतून जोडते. पांच वर्षांच्या विलंबाचें मोल येथें दिसतें.

घर एका श्रद्धेचें झालें तरी तिला घरची भाषा हवी असते. परदेशी चालीवर भाषांतरित शब्द बसवून म्हटलेलीं गीतें माजघरांत रुळत नाहींत. जात्यावर, पाळण्याशीं, देवघरांत जें म्हटलें जातें तेंच अंगवळणीं पडतें. नगरास कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा टिळकांच्या पूर्वींच पाडली होती. टिळकांनीं अभंग आणि भजन यांच्या द्वारें तीच वाट रुंद केली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकांत त्यांचीं दोनशेंहून अधिक गीतें आहेत. वारकऱ्याच्या घरांत विठ्ठलाचें नांव ज्या सहजतेनें येतें, त्या सहजतेनें ख्रिस्ताचें नांव मराठी घरांत यावें, ही त्यांची धडपड होती. टिळकांनीं आरंभिलेलें ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुढें नेऊन पुरें केलें. तें १९३८ सालीं, दोघांच्याही मृत्यूनंतर, देवदत्तांनीं प्रसिद्ध केलें. बापानें आरंभावें, आईनें पूर्ण करावें आणि मुलानें छापावें, असा हा ग्रंथ कुटुंबाच्या एकवाक्यतेची साक्ष होय.

या घराचें आणखी एक लक्षण म्हणजे उघडें दार. अनाथ, आश्रित, विद्यार्थी यांची ये-जा सतत असे. कवि बालकवि ठोंबरे कांहीं काळ नगरास टिळकांच्या घरीं राहिले. लक्ष्मीबाईंनीं त्यांच्यावर मुलासारखी माया केली, आणि त्यांनीं ख्रिस्ती व्हावें अशी अट त्या मायेला नव्हती. आल्यागेल्याला भाकर देणें, हाच या घराचा उपदेश होता.

एवढ्यावरून तें घर निर्दोष होतें असें कोणीं समजूं नये. टिळक तापट होते, पैशाविषयीं बेफिकीर होते. जवळचें देऊन टाकण्याची त्यांची संवय घरखर्चाच्या मुळावर येई. १९१७ सालीं तर त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास स्वीकारला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. देहूच्या कथेंतील तोच भार पुन्हां एकदां पत्नीच्या खांद्यावर आला. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस टिळकांचें देहावसान झालें. पुढें लक्ष्मीबाईंनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं. त्यांचा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला. पतीचे राग, दोघांची भांडणें, उपासमारीचे प्रसंग, स्वतःच्या चुका, सारें त्यांत हंसतखेळत सांगितलें आहे. कांहीं झांकलेलें नाहीं, आणि कोठें कडवटपणाही नाहीं. ख्रिस्ती धर्मांत पापाची कबुली आणि क्षमा यांस जें स्थान आहे, त्याचा संसारांतील अर्थ या पुस्तकांत पाहावयास मिळतो. जेथें दोष बोलून दाखवितां येतो आणि बोलून दाखविल्यावरही प्रेम उणें होत नाहीं, तेथें श्रद्धा घरांत वस्तीस आली असें समजावें.

आज देहूच्या भोंवतीं पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील कारखाने पसरले आहेत. कामासाठीं गांव सोडून आलेलीं अनेक कुटुंबें तेथें दोन खोल्यांत संसार थाटतात. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेंही आहेत. आजीआजोबा गांवीं, बाप रात्रपाळीस, आई दिवसाच्या कामावर आणि मुलें शाळेंत, अशा घरांत सर्वांनीं रोज सायंकाळीं एकत्र प्रार्थनेस बसावें असा नियम टिकत नाहीं. टिळकांच्या घराकडे पाहिलें असतां अशा कुटुंबानें निराश होण्याचें कारण नाहीं. पाळीच्या वेळापत्रकांतून जो अर्धा तास सर्वांचा मोकळा निघेल, तोच प्रार्थनेचा समजावा, मग तो आठवड्यांतून एकदांच निघो. त्या अर्ध्या तासांत वाचावयाचें तें थोडें वाचावें, परंतु मुलांस कळेल अशा मराठींत वाचावें. एखादें भजन आईनें उचलावें व बापानें टाळ धरावा. मोठ्या मुलाला शंका असेल तर ती ऐकून घ्यावी. तो प्रार्थनेस बसला नाहीं म्हणून त्याचें ताट दूर सारूं नये. ज्यानें घरांत देव आणला त्यानें प्रथम पाहावें, कीं त्याच्या भक्तीसाठीं भाकर घेऊन डोंगर कोण चढत आहे. तें कळल्यावर निदान आठवड्यांतून एक दिवस त्यानें स्वतः चूल पेटवावी.