जुना फोटो ॲपमध्ये टाकला की चेहराच का बदलतो?

भिंतीवरचा पणजोबांचा फोटो मोबाइलने टिपायचा, एआय ॲपमध्ये टाकायचा आणि काही सेकंदांत चकचकीत झालेला चेहरा फॅमिली ग्रुपवर पाठवायचा. लगेच अंगठ्यांचा पाऊस पडतो. मग घरातलं एखादं वयस्कर माणूस म्हणतं, "फोटो छान झालाय, पण हे आप्पा वाटत नाहीत." असं का होतं? आणि आप्पा हे आप्पाच राहावेत यासाठी काय करता येईल?

ॲप चेहरा पुसत नाही, नव्याने काढतं

जुन्या ग्रुप फोटोत एकेक चेहरा अगदी छोटा असतो. पापण्या, ओठांची कड असे तपशील त्यात उमटलेलेच नसतात. मग ॲप आधी 'पाहिलेल्या' हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधतं आणि रिकाम्या जागा भरतं. २०२१ मध्ये आलेलं 'जीएफपीगॅन' हे लोकप्रिय तंत्र फ्लिकरवरच्या ७० हजार चेहऱ्यांच्या संचावर शिकलेलं आहे. त्यात तुमचे आप्पा नव्हते!

२०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या 'पल्स' या प्रणालीला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा तयार केला होता.

हा फक्त गमतीचा विषय नाही. एप्रिल २०२१ मध्ये 'व्हाइस' या संकेतस्थळाने कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे रंगवलेले फोटो प्रसिद्ध केले. ख्मेर रूज राजवटीने मारलेल्या या लोकांपैकी काहींच्या चेहऱ्यावर मूळ फोटोत नसलेलं हसू आणलं होतं. नातेवाईक आणि कंबोडिया सरकारने संताप व्यक्त केल्यावर ते फोटो काढून टाकण्यात आले.

आधी स्कॅन नीट हवा

निम्मं काम इथेच होतं. २ बाय ३ इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर ६०० बाय ९०० पिक्सेल मिळतात. ६०० डीपीआयवर १२०० बाय १८००, म्हणजे चौपट. त्यामुळे छोट्या फोटोला किमान ६०० डीपीआय ठेवा. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा, म्हणजे पिवळे डाग वेगळे ओळखता येतात. फाइल टिफमध्ये जतन करा, कारण जेपीजी दर वेळी बदल करून सेव्ह केली की थोडी खराब होते.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. ओल्या फडक्याने तर अजिबात पुसू नका.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने?

मूळ स्कॅनला हात न लावता त्याची प्रत घ्या. आधी उजेड-काळोखाचा समतोल साधा. जुने रंगीत फोटो बऱ्याचदा लालसर दिसतात, कारण सायन हा निळसर रंग आधी विरतो. तो समतोल इथेच सुधारता येतो. मग फोटोशॉप किंवा मोफत मिळणाऱ्या गिम्पमधल्या क्लोन आणि हीलिंग टूलने चरे, घड्या, बुरशीचे डाग भरा. सुरुवात पार्श्वभूमीपासून करा, चेहरा सगळ्यात शेवटी. चेहऱ्यावर एआय वापरायचंच असेल तर वेगळ्या लेयरवर वापरा आणि त्याचा प्रभाव कमी ठेवा.

इथे एक धोका आहे. हनुवटीवरचं गोंदण, देवीचे व्रण, तीळ हे सॉफ्टवेअरला डाग वाटू शकतात. ते पुसले गेले तर त्या माणसाची ओळखच पुसली जाते.

अभिप्राय कसा मागायचा?

"कसा वाटतोय?" असं विचारलं की "मस्त!" एवढंच उत्तर येतं. त्याचा उपयोग शून्य. त्याऐवजी:

• मूळ आणि दुरुस्त फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवा.
• नेमकं विचारा: "डोळे असेच होते का? गालावरचा हा डाग फोटोवरचा की चेहऱ्यावरचा? लुगड्याचा रंग कोणता होता?"
• फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर तो दाबला जातो आणि समोरचा भलत्याच फोटोवर मत देतो.
• दोन वेगळ्या माणसांना विचारा. तांत्रिक चुका एखादा फोटोग्राफर पकडेल, चेहऱ्यातली चूक मात्र त्या माणसाला पाहिलेलं कुणीतरीच पकडेल.
• "काहीतरी वेगळं वाटतंय" हेही महत्त्वाचं उत्तर आहे. मग डोळे, नाक, जबडा असा एकेक भाग झाकून दाखवा, नेमकं काय खटकतंय ते सापडतं.

कृष्णधवल फोटोतून साडी हिरवी होती की लाल, हे कोणतंही ॲप खात्रीने सांगू शकत नाही. मावशी किंवा आत्या कदाचित सांगू शकतील. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षी आणखी चांगलं येईल, त्यामुळे दुरुस्ती थांबली तरी चालेल. आप्पांना पाहिलेली माणसं मात्र वर्षागणिक कमी होत जातात. म्हणून आधी त्यांना गाठा आणि फोटोतल्या प्रत्येकाचं नाव लिहून घ्या.

शेवटी, फाइलच्या नावात 'मूळ', 'दुरुस्त', 'एआयने रंगवलेला' असं स्पष्ट लिहा. पन्नास वर्षांनी तो फोटो उघडणाऱ्या नातवाला खरा चेहरा कोणता, हे कळायला हवं.