ऊसतोडणी आणि कंबरेचे दुखणे

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली, की शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेकाठच्या फडांत कोयते चालू लागतात. काही टोळ्या गावच्याच असतात, काही बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या. महिनाभरात तक्रारी सुरू होतात. कुणाची कंबर धरते, कुणाची मान आखडते, कुणाच्या बोटांना रात्री मुंग्या येतात. औषधाच्या दुकानातून गोळी आणायची आणि पहाटे पुन्हा फडात उतरायचे, हाच बहुतेकांचा उपचार. दवाखान्यात गेले तर खाडा पडतो.

‘कष्टाचे काम आहे, दुखणारच,’ असे आपण सहज म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. कष्ट टळत नाहीत, पण दुखापत पुष्कळदा कामाच्या मांडणीतून होते आणि मांडणी बदलता येते. माणसाला कामाच्या साच्यात कोंबण्याऐवजी काम माणसाच्या शरीराला जुळवून घ्यायचे, या विचाराच्या शास्त्राला ‘अर्गोनॉमिक्स’ म्हणतात. ते कचेरीतल्या खुर्च्यांपुरतेच आहे असे मुळीच नाही.

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. बुडख्याकडे साखर अधिक असते आणि खोडवाही चांगला फुटतो. त्यामुळे वाकणे चुकत नाही. पाठीच्या मणक्यांमध्ये मऊ गाद्या असतात. गुडघे ताठ ठेवून कंबरेतून वाकले, की या गाद्यांच्या पुढच्या बाजूवर दाब येतो. त्याच अवस्थेत मोळी उचलली तर काय होते? पहारीच्या लांब टोकावर थोडा जोर दिला तरी आखूड टोकाकडचा दगड हलतो, हे सर्वांना ठाऊक आहे. शरीरापासून दूर धरलेली मोळी हे ते लांब टोक आणि आखूड टोकाशी आपली कंबर. म्हणून मोळी उचलताना आधी तिच्याजवळ जावे, गुडघ्यात वाकावे, मोळी अंगाशी घ्यावी आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. वजन हातात असताना कंबरेतून वळू नये, पाय वळवावेत.

आता वजनाचा हिशेब पाहू. एक ऊस दीड-दोन किलोचा धरला तर वीस उसांची मोळी 30 ते 40 किलोंची होते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने 1991 साली सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका वेळी उचलण्याचे वजन 23 किलोंच्या आत ठेवावे असे धरले आहे. आपल्याकडे तर ती मोळी डोक्यावर घेऊन हलत्या फळीवरून ट्रॉलीत चढायचे असते! मोळी दहा-बारा उसांचीच बांधावी, हे बरे. गरोदर बाईने तर मोळी वाहूच नये.

‘मजुरी टनावर, लहान मोळीने खेपा वाढतील,’ हा मुकादमाचा आक्षेप खोटा नाही. पण इथेच शेतकऱ्याचे काम सुरू होते. ट्रॉली बांधावर उभी राहिली तर प्रत्येक मोळीमागे फडाची लांबी चालावी लागते. तोडीआधी पाणी वेळेवर तोडून रान वाळू दिले आणि ट्रॉली आत येण्यापुरती वाट मोकळी केली, तर तेच अंतर निम्म्यावर येऊ शकते. फळी रुंद, न घसरणारी आणि कमी चढाची असावी.

बोथट कोयत्याने एका उसाला दोन-तीन घाव घालावे लागतात आणि प्रत्येक घावाचा हिसका मनगट-कोपराला बसतो. म्हणून धार दिवसातून अनेकदा लावावी. मूठ फार बारीक असेल तर कापड गुंडाळून जाड करावी. तोडणे आणि मोळी बांधणे यांची जोडीने तासाभराने अदलाबदल केली तर त्याच त्या स्नायूंना उसंत मिळते.

दुखण्यावरची गोळी रोज घेणे मात्र धोक्याचे. उन्हात, पाणी कमी पडलेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात, जठरात व्रणही होतो. फडात पिण्याच्या पाण्याची सोय असावी, ती त्यासाठीही.

साधी उसण बहुधा काही दिवसांत उतरते. पूर्ण अंथरूण धरण्याची गरज नसते. भार टाळून थोडे हिंडत-फिरत राहावे. पण कळ पायात उतरून पाय लुळा वाटू लागला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मालिश करणाऱ्याकडे न जाता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. अशा वेळी मणक्याजवळची नस दाबली गेलेली असू शकते आणि उशीर झाला तर तो ताबा कायमचा जाऊ शकतो.