व्हायवातला बल्ब आणि रूममधला बोर्ड

फर्स्ट इयरच्या व्हायवात सरांनी विचारलं, "४० आणि १०० वॅटचे फिलामेंटचे बल्ब सिरीजमध्ये जोडले, तर जास्त उजेड कोणाचा?" मी छातीठोकपणे म्हणालो, "१०० चा!" सर नुसते हसले.

गणित सोपं आहे. २३० व्होल्टवर पूर्ण पेटलेल्या ४० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स साधारण १३०० ओहम, १०० वॅटच्या बल्बचा ५३०. सिरीजमध्ये दोघांतून करंट एकच. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. म्हणून ज्याचा रेझिस्टन्स जास्त, तोच जास्त तापतो. जिंकतो ४० चा!

हे डोक्यात शिरलं मात्र सेकंड इयरच्या थंडीत, आमचा एक्स्टेन्शन बोर्ड वितळला तेव्हा. बोर्ड ६ अँपिअरचा आणि त्यावर पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड, म्हणजे साडेसहा अँपिअर. त्यात प्लग ढिला. ढिला प्लग म्हणजे रॉडला सिरीजमध्ये जोडलेला, कोणी न मागितलेला रेझिस्टर. तो नुसता अर्धा ओहम धरा. रॉडच्या ३५ ओहमपुढे काहीच नाही ना? पण साडेसहाचा वर्ग गुणिले अर्धा म्हणजे सुमारे २० वॅट. लॅबमधला सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो, आणि त्यावर आपण धातू वितळवतो!

शेजारच्या रूमचा रॉडही त्याच बोर्डवर लावला, तर दोन्ही रॉड पॅरलल. बोर्डाच्या मेन प्लगमधून करंट जवळजवळ दुप्पट, म्हणून तिथली उष्णता जवळजवळ चौपट.

"पण एमसीबी आहे की!" हाच खरा गैरसमज. एमसीबी करंट वाढला की पडतो. ढिल्या जोडणीने रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे करंट किंचित कमीच होतो. एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल, आणि इकडे प्लास्टिकचा वास सुटलेला. आमच्याकडे त्या वासानेच रूममेटला जाग आली, म्हणून निभावलं.

तेव्हा मित्रांनो, रॉड थेट १६ अँपिअरच्या घट्ट सॉकेटमध्येच लावा, एका वेळी एकच. स्विच बंद केल्यावर प्लगला हात लावून बघा. गरम लागला, पिन काळी दिसली, तर "चालतंय की" म्हणू नका. आणि वॉर्डन सरांना विनंती, ढिल्या सॉकेटची तक्रार आली की ते त्याच दिवशी बदलून घ्या. अर्धा ओहम कोणासाठी थांबत नाही.