झाडीपट्टीचा श्रोता आणि त्याची आवड

गाणे आवडते ते त्याच्या अंगच्या गुणामुळेच, असा आपला एक सुखद समज असतो. परंतु दिवाळीनंतर धानाची कापणी उरकली की चंद्रपूर, गडचिरोली आणि शेजारच्या भंडारा-गोंदिया मुलखात झाडीपट्टी रंगभूमीचा जो हंगाम सुरू होतो, तो पाहिल्यावर या समजाला बरीच मुरड घालावी लागते. वडसा-देसाईगंजच्या मंडळींचे नाटक रात्री उशिरा उभे राहते ते पहाटेपर्यंत चालते. गावात त्या सुमारास बहुधा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरलेला असतो, घरोघर पाहुणे उतरलेले असतात, आणि धान घरात आल्यामुळे मन निर्धास्त असते. अशा चित्तवृत्तीत, रंगमंचापुढे बसलेल्या वादकांनी ऑर्गनवर सूर धरताच, एरवी सामान्य वाटणाऱ्या लावणीलाही ‘वन्समोअर’चा हुकूम सुटतो, आणि त्या हुकमावर अपील नसते.

चित्तवृत्ती क्षणिक असते. अभिरुची मात्र सवयीने घडते. केवळ पुनःपुन्हा परिचय झाल्यानेही एखादी गोष्ट प्रिय होऊ लागते, असे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांती मांडले. शिवाय तारुण्यारंभी ऐकलेली गाणी उतारवयातही अधिक स्मरतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. गडचिरोलीतील गोंड-माडिया तरुण-तरुणी परस्परांच्या कमरेत हात गुंफून रेला गाऊ-नाचू लागली, की एकच पालुपद कितीदा तरी फिरते. बाहेरच्याला ते कंटाळवाणे वाटावे (शहरी रसिकाची ही घाई नेहमीचीच), पण ज्याच्या पावलांत तो ठेका बालपणापासून भिनला आहे, त्याला ते आणखी चालावे असेच वाटते.