सात इंचांचा चौकोन आणि आपल्या हाताचं मोल

आज आपण कागदाच्या कामाबद्दल बोलणार आहोत. हाताने केलेलं शुभेच्छापत्र, अहेराचं पाकीट आणि भेटवस्तू द्यायची कागदी डबी, अशा तीन वस्तू आहेत. वही-पेन जवळ घ्या. आधी मापं सांगू, मग हिशेब सांगू. दोन्ही लिहून घेण्यासारखे आहेत.

आम्ही गटांच्या बैठकांना जातो तेव्हा एक शंका हमखास निघते. "ताई, हल्ली शुभेच्छा मोबाइलवर जातात. कार्ड घेणार कोण?" शंका खरी आहे. नुसती शुभेच्छापत्रं करून गट चालवायचा म्हटलं तर अवघड जाईल. पण मोबाइलवर तिळाचे लाडू पाठवता येत नाहीत. लग्नात अहेर द्यायला पाकीट लागतंच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण, रक्षाबंधनाला राखी, दिवाळीला फराळ, मुलीच्या रुखवतात मांडायच्या वस्तू, या सगळ्यांना काहीतरी छानसं वेष्टण हवं असतं. म्हणून आमचं सांगणं असं, की डबी आणि पाकीट हा मुख्य माल धरा आणि शुभेच्छापत्र त्यांच्या जोडीला ठेवा. डबीवर फितीखाली खोचलेलं कार्ड डबीसोबत सहज विकलं जातं.

आता कागद. डबीसाठी जाड कार्डशीट घ्यायचं. दुकानात विचारताना "अडीचशे ते तीनशे जीएसएमचं" असं विचारा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा तितका कागद जाड. पाकिटासाठी शंभर-सव्वाशे जीएसएमचा कागद पुरतो. हातकागद मिळाला तर उत्तम, कारण तो दिसायला देखणा असतो आणि बहुतेक सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. हा कागद आपल्याकडे नवा नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शेकडो वर्षांपासून हातकागद होत आला आहे. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली, ती याच कामाची.

कार्डशीटचा मोठा ताव बहुतेक ठिकाणी २२ इंच रुंद आणि २८ इंच लांब मिळतो. आणल्यावर आधी टेपने मोजून खात्री करा. आता महत्त्वाचं. या तावात सात इंचांचे चौकोन किती बसतात? रुंदीत तीन, लांबीत चार, म्हणजे १२. आणि कुणी म्हणालं, डबी थोडी मोठी करू, साडेसात इंचांचा चौकोन घेऊ, तर? साडेसातचे तीन म्हणजे साडेबावीस. ताव २२चाच. म्हणून रुंदीत दोनच बसतात. लांबीत चौथ्यासाठी ३० इंच लागतील, म्हणून तिथेही तीनच. दोन त्रिक सहा. फक्त अर्धा इंच वाढला आणि बाराचे सहा झाले. ब्लाउज बेतताना आपण कापड आधी अंथरून बघतो, तसंच कागदाचं. वस्तूचं माप तावावरून ठरवायचं.

म्हणून आम्ही गटांना सात इंचांचा एकच साचा करायला सांगतो. जाड पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा, अगदी काटकोनात कापलेला. या एका चौकोनातून तिन्ही वस्तू होतात.

पहिली वस्तू डबी. चौकोनाच्या चारही कडांपासून दीड-दीड इंच आत रेघा मारा. मधे चार इंचांचा चौकोन तयार होईल, तो डबीचा तळ. कोपऱ्यांत दीड इंचाचे चार छोटे चौकोन दिसतील. आता रेघांवर पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनचं टोक दाबून ओढा. कागद फाटता कामा नये, नुसती खाच पडली पाहिजे. ही खाच पाडल्याशिवाय जाड कागद दुमडला तर घडी वेडीवाकडी येते आणि कडेला कागद तडकतो. मग वरच्या कडेपासून दोन आणि खालच्या कडेपासून दोन, असे उभ्या रेघांवर दीड-दीड इंचाचे चार काप घ्या. डाव्या-उजव्या कडेकडून कापायचं नाही. भिंती उभ्या करा, कोपऱ्याचे चौकोन आत वळवून वरच्या-खालच्या भिंतींना आतून चिकटवा. डबीचा खालचा भाग झाला.

झाकणाचा चौकोन सहा इंच एक सुताचा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना माहीत आहे. चारही बाजूंनी एक-एक इंच आत रेघा मारल्या की मधला भाग चार इंच एक सूत उरतो. तळापेक्षा एक सूत मोठा, म्हणून झाकण अडत नाही आणि गळूनही पडत नाही. पुढची कृती तीच. झाकणंही एका तावात १२च बसतात. म्हणजे दोन तावांत १२ डब्या, हे लक्षात ठेवा. उरलेल्या पट्ट्या फेकू नका. त्यांतून नावाच्या चिठ्ठ्या आणि डबीला गुंडाळायचे पट्टे होतात.

दुसरी वस्तू अहेराचं पाकीट. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे लांबी सहा इंचांच्या आत आणि रुंदी पावणेतीन इंचांच्या आत. नोट न दुमडता आत गेली पाहिजे. सात इंचांच्या पातळ कागदाच्या चौकोनाच्या डाव्या-उजव्या कडा तीन-तीन सूत आत दुमडा. आता लांबी सव्वासहा इंच राहिली. मग आडव्या घड्या घाला. तीन इंचांवर एक, पुन्हा तीन इंचांवर दुसरी, वर एक इंच उरतो तो तोंडाचा पदर. पहिली घडी घालण्याआधी बाजूच्या तीन सुतांच्या पट्ट्यांना डिंक लावा. पाकीट तयार. पुढच्या बाजूला अहेर देणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायला दोन रेघा ठेवा. लग्नघरी अहेराची वही लिहायला बसलेल्या माणसाला त्या रेघांचा किती उपयोग होतो, हे आपण सगळ्या जाणतो. एक रुपयाचं नाणं चिकटवायला गोल जागा आखून ठेवली की गिऱ्हाईक खूश.

तिसरी वस्तू शुभेच्छापत्र. तोच चौकोन मधोमध दुमडला की सात इंच लांब आणि साडेतीन इंच रुंद कार्ड होतं. यात एक खुबी आहे. कारखान्यात तयार झालेला कागद एका दिशेने सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने अडतो. ताव कापण्याआधी दोन्ही बाजूंनी हळूच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्याच दिशेने कार्डाची घडी ठेवा. नाहीतर कार्ड उभं राहत नाही आणि घडीवर धागे दिसतात. खऱ्या हातकागदात हा फरक फारसा जाणवत नाही.

सजावटीला बाजारातून महाग वस्तू आणायची गरज नाही. शिंप्याकडे खणाचे, काठपदराचे तुकडे पडलेले असतात. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की फुलाचा ठसा उठतो. बोगनवेल, नेच्याची पानं वर्तमानपत्रात घालून वर वजन ठेवलं की दहा-पंधरा दिवसांत वाळतात. मात्र पूर्ण वाळू द्या. ओलसर राहिली तर कार्डावर बुरशी येते. हळदीचा रंग सुंदर दिसतो, पण उन्हात उडतो. दुकानात मांडायच्या मालाला तो नको. आणखी एक, डबीवर देवाचं चित्र काढण्याआधी विचार करा. डबी रिकामी झाली की लोक टाकतात, आणि देवाची डबी टाकायला मन धजत नाही. म्हणून कित्येक जणी ती घ्यायलाच कचरतात. तोरण, तुळशीवृंदावन, रांगोळीचे ठिपके काढा. ते सगळ्यांना चालतं.

डबीत खायची वस्तू जाणार असेल तर रंग, टिकल्या आणि डिंक बाहेरच्या बाजूलाच राहू द्या आणि आत बटर पेपर घाला. वर्तमानपत्र मुळीच नको. त्याची शाई पदार्थाला लागते, आणि अन्नपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला २०१८च्या अन्नसुरक्षेच्या नियमांनी बंदी आहे. चिकटवायला मैद्याची खळ वापरत असाल तर तिला झुरळं आणि कसर लागते. पुस्तकं बांधणारे म्हणून खळीत मोरचूद टाकतात. पण मोरचूद विषारी आहे. खाऊच्या डबीला ते चालणार नाही. तिथे पांढरा डिंक पातळ थराने लावा.

पावसाळ्यात कागद दमट होतो, घड्या सुटतात. दिवाळीचा माल तर पावसाळ्यातच करावा लागतो. म्हणून आखणी आणि कापणी उन्हाळ्यात उरकून ठेवा. कापलेले चौकोन सपाट ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि सोबत फडक्यात तांदळाची पुरचुंडी ठेवा.

आता हिशेब. आजचं बोलणं खरं तर इथे येण्यासाठीच होतं. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावच्या भावाप्रमाणे बदला. समजा एक ताव २० रुपयांचा. दोन ताव ४० रुपये. डिंक, बटर पेपर, रंग, लेस मिळून ५६ रुपये. एकूण ९६. बारा डब्यांनी भागलं की एका डबीला आठ रुपये. बहुतेक गट इथेच थांबतात आणि म्हणतात, आठचा माल, पंधराला विकू, सात रुपये सुटले.

पण बारा डब्यांना चार तास लागले असतील तर एका डबीला वीस मिनिटं गेली. तासाला तीन डब्या, तीन सत्ते एकवीस. म्हणजे तासाला २१ रुपये. गावात खुरपणीचा रोज सहा तासांना ३०० रुपये असेल, तर तासाला ५० पडतात. तीच बाई रानात गेली तर ५०, आणि सावलीत बसून डोळे ताणून बारीक काम केलं तर २१. सावलीत बसल्याचे २९ रुपये कापून घ्यायला आपल्याला कुणी सांगितलंय?

म्हणून हिशेब असा मांडा. सामान आठ रुपये. चार तासांची मजुरी २००, बारा डब्यांत वाटली की सुमारे १७. दोन्ही मिळून २५. खराब झालेला माल, गाडीभाडं आणि गटाचा वाटा यांचे पाच. झाले ३०. दुकानदाराला ३०ला द्या, तो त्याचा नफा धरून पुढे विकेल. आपण स्वतः जत्रेत किंवा प्रदर्शनात विकणार असू तर तिथलं भाडं आणि उभं राहण्याचा वेळ धरून दर लावा. मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा अशा ठिकाणी हातकामाचं मोल ओळखणारं गिऱ्हाईक येतं. पण तिथे जाण्याआधी तालुक्याच्या बाजारात माल पारखून घ्या.

तीस रुपये कुणाला महाग वाटले तर मजुरी कापू नका, वेळ कापा. एकीने आखायचं, दुसरीने खाच पाडायची, तिसरीने कापायचं, चौथीने चिकटवायचं. असं वाटून घेतलं की हात बसतो आणि वीस मिनिटांचं काम बारा-पंधरा मिनिटांवर येतं. गुडघेदुखीमुळे रानात जाऊ न शकणाऱ्या मावशीही आखणीला बसू शकतात. त्यांच्या वेळेचा दर इतरांइतकाच लिहा.

शेवटची गोष्ट, आगाऊ रक्कम. आमच्या एका गटाला लग्नाच्या दोनशे पाकिटांची मागणी तोंडी आली. त्यावर वधूवरांची नावंही घालून झाली. मग घरच्यांनी छापील पाकिटं घेतली आणि गटाची तशीच राहिली. नावं घातलेला माल दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. तेव्हापासून आम्ही सगळ्या गटांना सांगतो, नाव घालायचं असेल तर निम्मे पैसे आधी. ओळखीच्या घरीसुद्धा आधी. गटाच्या वहीत मागणी, तारीख आणि मिळालेली रक्कम लिहा, समोरच्याची सही घ्या. यात संकोच कसला? सोनार आणि मंडपवाला घेतातच ना आगाऊ?

येत्या बैठकीला एक काम करा. एक ताव आणा, साचा करा, बारा चौकोन पाडा. पहिला चौकोन आखायला घेताना घड्याळ बघा आणि शेवटची डबी झाली की पुन्हा बघा. किती वेळ लागला तो वहीत लिहा. डबीची किंमत त्या वेळेपासून काढायला सुरुवात करा. सामानाचा खर्च नंतर मिळवा. नमस्कार.