समजून घ्या : लसूण जिवाणू मारतो, मग त्याची अँटिबायोटिक गोळी का नाही?

सोललेल्या अखंड लसूण पाकळीला फारसा वास नसतो. तीच खलबत्त्यात ठेचली की शेजारच्या खोलीतही कळते. या वासाच्या मुळाशी असलेल्या रसायनाचे नाव ॲलिसिन. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत ते अनेक जातींचे जिवाणू मारते, हे ८० वर्षांपासून माहीत आहे. 'लसूण म्हणजे नैसर्गिक अँटिबायोटिक' असे सांगणारे व्हॉट्सॲप संदेश त्याच माहितीवर उभे असतात. बशीतला निकाल खरा आहे. घोळ होतो तो बशीतून शरीरात येताना.

पाकळीत ॲलिसिन नसतेच

अखंड पाकळीत दोन घटक वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. एक ॲलिइन, ज्याला वास नाही. दुसरे ॲलिनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम. पाकळी चिरली, चावली वा ठेचली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होते. किडा किंवा बुरशी पाकळीत घुसली की त्याच क्षणी शस्त्र तयार, अशी ही लसणाची स्वसंरक्षणाची सोय आहे.

१९४४ मध्ये अमेरिकेत चेस्टर कॅव्हालिटो आणि जॉन बेली यांनी ॲलिसिन वेगळे केले. ॲलिइनचा शोध त्यानंतर काही वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये आर्थर स्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी लावला.

जिवाणू मरतात कसे?

पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. त्याचा नेम एका ठिकाणी असतो. ॲलिसिनचे तसे नाही. प्रथिनांमध्ये गंधक आणि हायड्रोजनच्या जोडीचे 'थायॉल' गट असतात, त्यांना ते जाऊन चिकटते. त्यामुळे जिवाणूची अनेक विकरे एकदम बंद पडतात. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा 'एमआरएसए' हा जिवाणूही बशीत ॲलिसिनपुढे टिकत नाही, तो यामुळे.

पण थायॉल गट माणसाच्या प्रथिनांमध्येही असतात. आपल्या पेशींतील ग्लुटाथायॉन थोडे ॲलिसिन निकामी करते, म्हणून ठेचा पचतो. ठेचलेला लसूण त्वचेवर तासन् तास बांधून ठेवला तर मात्र कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार आल्या आहेत. जखमेवर किंवा लहान मुलाच्या अंगावर लसणाचा लेप लावू नये, तो याच कारणाने.

फोडणीत काय उरते?

फारसे नाही. अख्खी पाकळी तापलेल्या तेलात पडली की विकर ॲलिइनपर्यंत पोहोचण्याआधीच निकामी होते. भाजलेला लसूण गोडसर लागतो, झणझणीत नाही. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ मध्ये उंदरांवरील प्रयोगातून दाखवले, की मायक्रोवेव्हमधील ६० सेकंदांतच लसणाची कर्करोगरोधक क्रिया नाहीशी होते; ठेचून १० मिनिटे ठेवला आणि मग गरम केला, तर मात्र ती काही प्रमाणात टिकते. आधी ठेचा, मग थांबा, मग शिजवा, हा सल्ला त्यातूनच आला.

'उपाशीपोटी अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळा' हा सल्लाही या कसोटीवर पडतो. न चावलेल्या पाकळीत कप्पे फुटत नाहीत आणि पोटातल्या तीव्र आम्लात विकर काम करत नाही.

कानात लसणाचे तेल

आपल्याकडे कान दुखला की तेलात पाकळ्या काळ्या होईपर्यंत तळून ते कोमट तेल कानात सोडतात. एवढ्या उष्णतेत ॲलिसिन तयारही होत नाही आणि टिकतही नाही. क्षणभर बरे वाटते ते तेलाच्या उबेने. कानाच्या पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात जाते. पू येत असेल, ताप असेल, तर या उपायात गेलेले दोन दिवस महागात पडू शकतात.

रक्तात पोहोचते का?

२५ ग्रॅम कच्चा लसूण खाऊनही रक्तात किंवा लघवीत ॲलिसिन सापडले नाही. ते वाटेतच दुसऱ्या गंधकयुक्त संयुगांमध्ये बदलते. त्यांपैकी एक रक्तातून फुफ्फुसांत जाते आणि श्वासावाटे बाहेर पडते. दात घासूनही वास जात नाही तो त्यामुळे. न्यूमोनिया वा मूत्रमार्गाच्या संसर्गापर्यंत ॲलिसिन पोहोचतच नसेल, तर लसूण तिथे अँटिबायोटिकची जागा घेणार कशी? करोनाकाळात, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेलाही सांगावे लागले होते, की लसणात काही जिवाणूरोधक गुण असतील, पण तो या विषाणूपासून वाचवतो याचा पुरावा नाही.

जिवाणू मारणाऱ्या याच लसणातून विषबाधाही झाली आहे. १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये तेलात मुरवलेल्या लसणामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम झाला. मातीतले बीजाणू लसणावर असतात, तेलाखाली हवा मिळत नाही आणि त्यांना तेच हवे असते. घरी ताजा लसूण तेलात घालून बरणी ओट्यावर ठेवण्याची सवय सोडलेली बरी. फ्रिजमध्ये ठेवा आणि काही दिवसांत संपवा.

गोळ्या घेणाऱ्यांसाठी

भाजी-चटणीतल्या लसणाची चिंता नको. कॅप्सूलचे गणित वेगळे आहे. लसणाच्या पूरक गोळ्यांमुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. वॉरफरिनसारखे औषध सुरू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच सांगायला हवे. २००१ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अभ्यासात लसणाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांच्या रक्तात एचआयव्हीवरील सॅक्विनाव्हिर या औषधाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते.

संशोधन थांबलेले नाही. ॲलिसिन वाफेच्या रूपातही जिवाणू मारते, त्यावर जर्मनीत आखेन येथील विद्यापीठात काम झाले आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेने वेगळी वाट धरली. तिथल्या संशोधकांनी लसणातील विकर बुरशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला जोडले आणि ॲलिइन स्वतंत्रपणे दिले. म्हणजे ठेचण्याची क्रिया थेट संसर्गाच्या जागी. उंदरांच्या फुफ्फुसांतील ॲस्परजिलस बुरशीवर हा प्रयोग करण्यात आला.